यशोदाआत्याचं वर्षश्राद्ध

आमच्या तालुक्यात माणूस दोनदा मरतो. एकदा घरी आणि एकदा फ्लेक्सवर. घरचं मरण डॉक्टर सांगतो, पण लोक धरतात ते फ्लेक्सवरचं. चौकात फोटो लागला, फोटोला छापील हार पडला, खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची रांग आली, की मग तो गेला. इंदापूरच्या स्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळं हे मी अनुभवानं सांगतो. वाढदिवस, निवड, बारसं, दहावा, सगळं एकाच मशिनीतनं निघतं. वाढदिवसाला मागं सिंह टाकायचा, दहाव्याला ढग.

या धंद्यात मेलेलं माणूस स्वतःच्या पायानं दुकानात येऊन फोटोबद्दल तक्रार करतंय, असं एकदाच झालं.

दुपारची वेळ होती. यशोदाआत्या आली, बाकड्यावर बसली, पदरानं घाम पुसला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"सोहेल, ह्यो फोटो बघ. लायसनचा हाय. एक डोळा मिटलेला. मेल्यावर तरी माणसाचा बरा फोटो लावावा का न्हाय?"

फोटोत कळंबचा चौक होता. चौकात फ्लेक्स. 'कै. रामहरी यांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: बंधू आनंदराव व समस्त परिवार.' ढग बरे होते, पण अक्षरांना लाल सावली दिली होती. श्रद्धांजलीला लाल सावली कोण देतं? काम बारामतीचं होतं. इंदापुरात आणायची आनंदरावांची छाती झाली नव्हती, कारण हे दुकान दस्तगीर कंडक्टरच्या पोराचं आहे, आणि दस्तगीर कंडक्टर म्हणजे माझे अब्बा, आणि अब्बांची उभी नोकरी रामहरी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून गेलेली.

आता हा रामहरी ड्रायव्हर कोण, ते सांगायला पाहिजे. तो कुणीच नव्हता. म्हणजे आत्या असं म्हणते. इंदापूर-बारामती गाडीवर खाकी घालून, मिशीला पीळ देऊन जो बसायचा, तो तिनं सांभाळलेला माणूस होता. लहानपणी गळ्यात घातला, मग काढता येईना. अख्खा तालुका त्या गाडीत बसलाय. कॉलेजला जाणाऱ्या पोरी, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, कारखान्याची माणसं, कुणी राहिलं नाही. आणि सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती, की या ड्रायव्हरच्या वाट्याला जायचं नाही.

एकदा शेळगावजवळ एका फटफटीवाल्यानं गाडीला कट मारला आणि जाता जाता हातानं घाण खूण केली. दुसरा ड्रायव्हर असता तर शिवी देऊन मोकळा झाला असता. आत्यानं शिवी दिली नाही. शेळगावपासून लासुर्ण्यापर्यंत त्या फटफटीच्या मागं गाडी ठेवली. पुढं गेली नाही, मागं राहिली नाही, नुसता हॉर्न. फटफटीवाला हळू झाला की ही हळू, तो पळाला की ही पळाली. लासुर्ण्यात तो गाडी लावून हात जोडून उभा राहिला तेव्हा हिनं खिडकीतनं विचारलं, "व्हय, काय दाखवत व्हतास?"

अब्बा हे सांगतात आणि वर म्हणतात, "राग सगळ्यांना येतो बेटा. राग टिकवायला ताकद लागती."

घरात एकच माणूस होतं ज्याला सगळं ठाऊक होतं. कौसल्याकाकू, लग्नाची बायको. लग्नानंतर कधीतरी तिनं कडी लावून घेतली आणि स्वतःचं लुगडं पुढं केलं. त्यानंतर भांडण झालं ते निऱ्यांवरनंच. "स्टेरिंग धरायचा हात तुमचा, निऱ्या कशा बसतील," म्हणायची. नावही तिनंच ठेवलं. एका देवाची आई कौसल्या, दुसऱ्याची यशोदा. म्हणाली, आपल्या घरात दोघी आया, आन् देव काय अजून आला न्हाय. पोर झालंच नाही त्यांना. दोघी एकमेकींना पुरल्या.

कौसल्याकाकू गेली, नोकरीही संपली. तिचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यानं मिशी काढली, काकूची अबोली साडी नेसली आणि भर सकाळी कळंबच्या नळावर पाण्याला गेली. साठी उलटली होती. पुढं पुण्याच्या डॉक्टरकडं खेपा झाल्या, केस वाढले, सरकारनं यशोदा नावाचं कार्डही दिलं. सरकारला काही दुखलं नाही. दुखलं आनंदरावांना.

आनंदराव धाकटे. सोसायटीचे संचालक, चार माणसांत उठबस. त्यात त्यांच्या पोरीचं, श्रियाचं लग्न शेळगावात जमायला आलेलं. त्यांनी थोरल्याला इंदापुरात स्टँडजवळ खोली करून दिली, म्हणाले थोडे दिवस. आणि मग गावात सांगितलं की दादा पुण्यात हार्टनं गेले, तिकडंच आटोपलं.

नुसतं सांगून भागत नाही. मग नीरेच्या काठाला दहावा केला. दाखवायला अस्थी नव्हत्या, म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला. आनंदरावांनी डोकं केलं, मिशी उतरवली. पिंड ठेवला आणि सगळं गोत कावळ्याची वाट बघत बसलं. कावळा येईना. 'श्रियाचं लग्न नीट करतो' म्हणून झालं, 'देवाला जाऊन येतो' म्हणून झालं. कावळा बाभळीवर बसून नुसता बघतोय. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचाच कावळा करून शिववला आणि माणसं घरी गेली.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती चहा पीत होती.

"शिवंल कसा?" ती म्हणाली. "आत्मा हितं स्टँडवर बशीतनं चहा पितोय. कावळ्याला तरी अक्कल हाय."

अब्बा हसले नाहीत. आत्याला पहिल्यांदा साडीत बघितलं तेव्हाही ते हसले नव्हते. गाडीत चढत होती ती. अब्बा तिला वरपासून खालपर्यंत बघून एवढंच म्हणाले होते, "पदर सांभाळ, दारात अडकंल." आता ते म्हणाले, "चल, कळंबला जाऊ. फाडून टाकू ते."

"न्हाय दस्तगीर," आत्या म्हणाली. "फाडून काय व्हतंय. चार माणसांत त्यानं मला मारलंय. त्याच चार माणसांत त्यानं म्हनायचं, ही जिती हाय, आन् ही माझी बहीण हाय. नाव घेऊन म्हनायचं. दुसरं मला त्याच्याकडनं काय बी नको."

"तो कशाला म्हणतोय?"

"म्हनंल. घाई न्हाय." तिनं बशी पालथी घातली. "वर्षश्राद्ध येतंयच की."

म्हणजे फटफटी पुढं निघाली होती आणि आत्यानं गाडी तिच्या मागं लावली होती.

वर्षभर ती इंदापुरात दिसेल तिथं दिसत राहिली. रविवारच्या बाजारात भाजी निवडताना, हळदीकुंकवाला, तहसीलच्या रांगेत. मुद्दाम दिसायची. कळंबचं कुणी भेटलं की स्वतः हाक मारून विचारायची, "काय म्हनतंय गाव? आमचे आनंदराव बरे हायत ना? भाऊ गेल्यापसनं खचलं म्हनं." समोरच्याला पळायला जागा राहायची नाही. चहाच्या गाड्यावर एकजण चेष्टेनं म्हणाला, "काय रामहरी, ह्या वयात हे काय सोंग?"

"सोंग लई वर्सं केलं बाबा," आत्या म्हणाली. "तिकीट काढून बसलावतास की तू बी. आता उतारलं. तुझं कवा उतरतंय?"

श्रियाचं लग्नही झालं. आत्या गेली नाही. बोलावणं नव्हतं, आणि मेलेल्याला पत्रिका देत नाहीत. त्या दिवशी मात्र ती दुकानात बाकड्यावर दिवसभर बसून होती. स्टँडवरनं कळंबची गाडी सुटली की बघायची. संध्याकाळी उठताना म्हणाली, "फ्लेक्सचं डिझाईन करायला घे."

मी या धंद्यात पुष्कळ डिझाईनं केली, पण असं मन लावून दुसरं केलं नाही. 'स्वर्गीय रामहरी यांचे प्रथम पुण्यस्मरण. प्रवचन: ह.भ.प. मुक्ताबाई. पुष्पवृष्टी दुपारी बारा. नंतर महाप्रसाद. स्थळ: बंधू आनंदराव यांचे राहते घर, कळंब.' फोटो दोन्ही डोळे उघडे असलेला घातला. आणि खाली 'निमंत्रक' म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक गटाच्या, प्रत्येक पॅनेलच्या माणसाचा हात जोडलेला फोटो. आपसात बोलत नाहीत असे शेजारी शेजारी. कुणाला विचारलं नाही. आमच्याकडं विचारायची पद्धत नाही. फोटो लागला तर माणूस खूश असतो, नाही लागला तरच विचारायला येतो.

यातली गंमत बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडं फ्लेक्स फाडला तर फ्लेक्स फाडला असं होत नाही, फोटो फाडला असं होतं. आणि इथं तर असा एक गट नव्हता ज्याचा फोटो नव्हता. आनंदरावांनी तो चौकातनं उतरवला असता तर पुढच्या निवडणुकीत घरची मतंसुद्धा पडली नसती.

ते आले मग दुकानात. स्टूल दिलं तरी बसले नाहीत.

"हे काम कुनी दिलं?"

"ज्यांचं पुण्यस्मरण हाय त्यांनीच," मी म्हणालो.

"ते वारल्यात."

"मग वारलेल्यांनी दिलं. आम्हाला काय, मजकूर येतो, आम्ही छापतो."

आनंदराव अब्बांकडं वळले. "दस्तगीरभाई, पोराला समजवा. माझ्या घरी परस्पर कार्यक्रम ठेवलाय. लोक फोन करायला लागल्यात, किती वाजता येऊ म्हणून."

अब्बांनी पेपर खाली ठेवला. "आनंदराव, सोपं हाय. तुमी हितं स्टँडवर उभं राहून एवढंच म्हना, 'माझा कुनी मेला न्हाय, ती जिती हाय.' पोरगं आत्ता शिडी घेऊन येतंय."

आनंदराव उभे होते. स्टँडवर कुठलीतरी गाडी लागली होती आणि कंट्रोलर माईकवर ओरडत होता. त्यांच्या तोंडात शब्द आल्यासारखा वाटला. पण मग त्यांनी टोपी सारखी केली.

"करतो मी कार्यक्रम," म्हणाले. "थोरला भाऊ होता. करायलाच पाहिजे."

एवढा हट्ट त्या घरात दोघांनाच होता. रक्ताचं नातं नाही म्हणायची सोय नव्हती.

झालं. दारात मांडव पडला, आचारी आला, बुंदी पाडली, कटाची आमटी चुलवणावर चढली. भाद्रपद सरत आला होता. खुर्चीवर रामहरीचा फोटो, झेंडूचा ठसठशीत हार. पहिल्या रांगेत शेळगावचे व्याही, तात्या म्हणून सगळे ओळखतात ते, नव्या फेट्यात. मी आणि अब्बा फ्लेक्स बांधायच्या निमित्तानं लवकरच गेलो होतो.

बाराच्या आधी रस्त्यावर एसटी थांबली. तिथं थांबा नाही. जुन्या ड्रायव्हरसाठी नव्या ड्रायव्हरनं थांबवली. आत्या उतरली. अबोली साडी, डोक्यावरनं पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात फुलं. ती बायकांच्या बाजूला गेली. एका म्हातारीनं मांडी आवरली आणि जागा केली. "बस बाई," म्हणाली. "तुझ्या गाडीनं माझी दोन बाळंतपणं येळेवर झाली."

पुष्पवृष्टी झाली. आत्यानंही रामहरीच्या फोटोवर फुलं टाकली. चांगली नेम धरून टाकली.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की भाषणं पंगत बसल्यावर होतात. पुढाऱ्यांना पुढं दुसरा दहावा गाठायचा असतो. पानं पूर्ण वाढायची, भात, आमटी, बुंदी, सगळं. आणि घरधनी हात जोडून 'बसा, सावकाश होऊ द्या' म्हणत नाही तोवर कुणी घासाला हात लावायचा नाही. कितीही भूक लागू द्या, पोरंसुद्धा लावत नाहीत. लावला तर आई तिथंच चिमटा घेते.

पानं वाढून झाली. मुक्ताबाईंनी माईकवर विचारलं, "मृतात्म्याबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचेत?"

"मला," आत्या म्हणाली.

मुक्ताबाईंनी माईक दिला. आनंदराव पंगतीच्या टोकाला उभे होते. हात जोडायला वर आलेले, तसेच छातीशी राहिले.

"रामहरीला माझ्याइतकं कुणी वळखत न्हाय," आत्यानं सुरुवात केली. आवाज गाडी चालवतानाचा होता, माईक नसता तरी चाललं असतं. "गाडी चांगली चालवायचा. ब्रेक जोरात मारायचा न्हाय. पर खोटा व्हता. घरात येगळा, रस्त्यावर येगळा. त्यो गेला त्याचं मला दुख न्हाय. उलट म्या म्हनती, लवकर जायाला पायजे व्हता."

पंगतीत कुणीतरी खोकलं.

"आनंदा, तू त्याच्यासाठी रडलास म्हनं नीरेवर. खरं रडला असशील तर मला लाज वाटती. खोटं रडला असशील तर तुला वाटू दे. कावळ्यानं बी तुजं ऐकलं न्हाय. आता म्या एकच इचारती, आन् माईक ठिवती. मेला त्यो कोण, ते समद्यांनी बघितलं. हितं उभी हाय ती कोण, ते तू सांग. मंग म्हन लोकांला, होऊ द्या."

ती बसली नाही. माईक हातात धरून उभी राहिली.

माणसं पानाकडं बघतात, आनंदरावांकडं बघतात, परत पानाकडं बघतात. आमटीवरची वाफ कमी व्हायला लागली, कडेनं तेल गोठायला लागलं. एका पोरानं बुंदीकडं हात नेला आणि चिमटा खाल्ला. आचारी दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर असा काही भाव होता, की जणू त्याचंच श्राद्ध चाललंय.

"आनंदराव," मागनं कुणीतरी म्हणालं, "सांगून टाका ओ."

"भात वाळला."

आनंदराव व्याह्यांकडं बघायला लागले. ज्यांच्यासाठी हा सगळा दहावा झाला होता, ते तात्या पानावर डावा हात आडवा धरून बसले होते, माशा बसू नयेत म्हणून.

"माझ्याकडं काय बघताय?" तात्या म्हणाले. "आमाला पयल्यापसनं ठावं हाय. म्या स्वतः तिच्याच गाडीतनं वीस वर्सं बारामतीला गेलोय. इंदापूरच्या बाजारात दर रविवारी दिसती ती. वाटलं, तुमी दडवताय तर तुमचा मान ठिवावा. पोरगी चांगली हाय तुमची, नांदतीय. तुमी बोला लवकर, आमटी गार व्हती."

माझ्या मते आनंदराव त्या क्षणी गेले. फ्लेक्सशिवाय. एक वर्ष जे झाकलं ते उघडंच होतं, आणि झाकणाराच तेवढा झाकून राहिला होता.

"ही..." ते म्हणाले. "ही माझी थोरली."

"थोरली कोन?" आत्या.

"बहीण."

"नाव हाय तिला."

आनंदरावांनी टोपी काढली, परत घातली. "यशोदा. माझी थोरली बहीण, यशोदा. जिती हाय. दादा... त्यो न्हाय आता." मग एकदम हात जोडले. "बसा मंडळी. सावकाश होऊ द्या."

अब्बांच्या हाताशी आमटीचा डाव होता. त्यांनी तो बादलीवर दोनदा वाजवला. डबल बेल. सवयीनं वाजवली असं ते अजून म्हणतात. पंगत सुटली.

आत्या मात्र जेवली नाही. ती खुर्चीकडं गेली, रामहरीच्या फोटोवरचा झेंडूचा हार उतरवला, आणि सावकाश चालत येऊन आनंदरावांच्या गळ्यात घातला. नीट बसवला. खांद्यावर पडलेली पाकळीसुद्धा झटकली. कळंबात कुणाच्याही गळ्यात हार पडला की लोक टाळ्या वाजवतात, सवय आहे. बुंदी तोंडात घेऊन त्यांनी टाळ्या वाजवल्या. हार कुणाचा होता ते आनंदरावांना तेवढं कळलं. लोकांदेखत काढता येईना. शेवटची पंगत उठेपर्यंत ते मेलेल्याचा हार घालून वाढत होते.

परत येताना गाडीत मी विचारलं, "आत्या, आता झालं ना समाधान?"

"लासुर्णं अजून लांब हाय," ती म्हणाली आणि खिडकीतनं बाहेर बघत बसली.

दिवाळी आली. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं. आनंदरावांना जायचं नव्हतं, पण स्वतःच्या तोंडानं बहीण सांगितलेली, तीही महाप्रसादाच्या पंगतीत. सकाळपासून गावानं विचारून सोडलं. नळावर विचारलं, सोसायटीत विचारलं, दुधाच्या डेअरीवर विचारलं, "काय आनंदराव, बहिनीकडं न्हाय गेला अजून?" दुपारी ते इंदापुरात उतरले. हातात मिठाईचा पुडा होता.

आत्यानं पाट खोलीत मांडला नव्हता. दारात मांडला होता, स्टँडच्या रस्त्याला तोंड करून. भोवती रांगोळी. आम्ही बाकड्यावरनं बघत होतो. आनंदराव पाटावर बसले, टोपी घालून, मांडी घालून, गुडघे दुखत असणार. आत्यानं निरांजन लावायला वेळ घेतला. वात सारखी केली, परत सारखी केली. गंध लावलं, अक्षता लावल्या. मग ताट हातात घेऊन ओवाळायला लागली.

लोक तीनदा ओवाळतात, फार तर पाचदा. तिचं ताट फिरतच होतं. हळू, एकसारखं, ब्रेक न मारता. एक गाडी सुटली, दुसरी लागली. उतरलेली माणसं थांबून बघायला लागली. ज्योत आनंदरावांच्या तोंडासमोरनं जायची, त्यांचे डोळे मिटायचे, परत उघडायचे. घाम टोपीखालनं गालावर आला. का घामच होता, मला लांबनं सांगता येणार नाही.

"झालं का?" शेवटी ते हळूच म्हणाले.

"गप बस," आत्या म्हणाली. ताट थांबलं नाही. "लई वर्सांच्या भाऊबीजा साठल्यात."